सुपरचार्जरचा बूस्ट डायनोवर एक आणि ट्रॅकवर दुसरा का दिसतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे पेट्रोल इंजिनावर पट्ट्याने फिरणाऱ्या सुपरचार्जरविषयी, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंपाविषयी आहेत. डायनो म्हणजे गाडी जागेवर ठेवून तिची ताकद मोजणारे यंत्र; पीएसआय आणि किलोपास्कल ही दाबाची एकके. टर्बोचा (एक्झॉस्टवर फिरणाऱ्या तशाच पंपाचा) उल्लेख फक्त जेथे फरक स्पष्ट करणे भाग आहे तेथेच केला आहे. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटचे इंजिन घेतले आहे, कारण त्याचे आकडे कंपनीनेच जाहीर केलेले आहेत आणि त्यांवरून हिशेब मांडणे सोपे जाते.

एकाच गाडीचा बूस्ट डायनोवर ११ पीएसआय आणि ट्रॅकवर १२ पीएसआय दिसतो. यातला खरा आकडा कोणता?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. गोंधळ होतो तो बूस्ट म्हणजे इंजिनात गेलेली हवा, असे गृहीत धरल्यामुळे. सुपरचार्जर जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढी इंजिनाच्या व्हॉल्व्हमधून लगेच आत जात नाही. जी अडते तिच्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांत) दाब तयार होतो, आणि हा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा किती जास्त आहे एवढेच गेज सांगते. लोकलच्या दारातली रेटारेटी पाहून डब्यात किती माणसे चढली हे जसे ठरवता येत नाही, तसेच केवळ बूस्ट पाहून सिलिंडरमध्ये किती हवा गेली हे सांगता येत नाही.

हेलकॅटचा हिशेब पाहू. इंजिन ६.२ लिटरचे आहे. सुपरचार्जर दुहेरी स्क्रूचा, एका फेऱ्यात २.४ लिटर हवा ढकलणारा आहे आणि तो क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) २.३६ पट वेगाने फिरतो. क्रँकशाफ्टचे मिनिटाला ६,२०० फेरे होत असताना सुपरचार्जरचे सुमारे १४,६०० होतात, म्हणजे तो मिनिटाला साधारण ३५,००० लिटर हवा ढकलतो. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरत असल्याने त्याच मिनिटात ते कागदोपत्री सुमारे १९,२०० लिटरच घेऊ शकते. गुणोत्तर १.८ च्या आसपास येते. म्हणजे समुद्रसपाटीवर मॅनिफोल्डमध्ये वातावरणाच्या १.८ पट दाब, अर्थात साधारण ८० किलोपास्कल बूस्ट. कंपनीने जाहीर केलेला कमाल बूस्ट ११.६ पीएसआय, म्हणजे ८० किलोपास्कलच आहे. इतका नेमका मेळ बसण्यात थोडा योगायोग आहे, कारण रोटरमधील (सुपरचार्जरच्या फिरत्या भागांतील) गळती, तापमान आणि इंजिनाची भरून घेण्याची प्रत्यक्ष क्षमता या गोष्टी हा हिशेब वर-खाली खेचतात, आणि बूस्ट मर्यादेत ठेवण्यासाठी जादा हवा परत वळवणारा इलेक्ट्रॉनिक बायपास व्हॉल्व्हही बसवलेला आहे. तरीही बूस्ट कोठून येतो हे यावरून कळते, आणि डायनो व ट्रॅक यांतील फरकाचे मूळही याच गुणाकारात सापडते.

बूस्ट गेज आणि ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा) वेगवेगळे आकडे का देतात?

गेज सापेक्ष दाब दाखवते, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त ते. मॅप सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे पूर्ण निर्वातापासून किती ते. मॅनिफोल्डमध्ये १८० किलोपास्कल निरपेक्ष दाब असेल, तर समुद्रसपाटीवर गेज सुमारे ७९ दाखवेल आणि पुण्यात, जेथे बाहेरचा दाब कमी असतो, तोच दाब असताना ८५ दाखवेल. इंजिनाला मात्र दोन्हीकडे तेवढाच दाब मिळालेला असतो.

त्यामुळे डायनोच्या आलेखावर बूस्ट छापलेला असेल, तर तो गाडीच्या सेन्सरवरून घेतला की डायनोच्या स्वतःच्या सेन्सरवरून, आणि वातावरणाचा दाब वजा करताना त्या दिवशीचा खरा दाब धरला की सरसकट समुद्रसपाटीचे १०१.३ किलोपास्कल धरले, हे आधी विचारावे. पुण्यातल्या गाडीसाठी १०१.३ वजा केले, तर नुसत्या वजाबाकीमुळे बूस्ट सुमारे एक पीएसआयने कमी दिसतो.

ठिकाणाच्या उंचीमुळे किती फरक पडू शकतो?

सर्वांत जास्त फरक बहुधा यानेच पडतो, आणि नेमके याकडेच दुर्लक्ष होते. सुपरचार्जर बाहेरच्या दाबाचा गुणाकार करतो, त्याच्यात ठरावीक बेरीज करत नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. गुणोत्तर १.८ धरले, तर मॅनिफोल्डमध्ये १७१ किलोपास्कल मिळतात आणि बूस्ट ७६ म्हणजे ११ पीएसआय येतो. हीच गाडी ट्रेलरवर चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली, तर तेथे जवळपास समुद्रसपाटीचा दाब मिळतो आणि बूस्ट ११.७ पीएसआय होतो. पुली, पट्टा किंवा ईसीयूतील नकाशा (इंजिन कसे चालवायचे याचे तक्ते) यांपैकी कशालाही हात लागलेला नाही आणि पाऊण पीएसआय वाढले. ट्यूनरने (हे तक्ते जुळवणाऱ्याने) गुपचूप काहीतरी बदलले, असा संशय अशा वेळी विनाकारण घेतला जातो.

एकाच ट्रॅकवर, एकाच फेरीतही हा फरक दिसू शकतो. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ सुमारे २०.८ किलोमीटरची आहे आणि तिच्या सर्वांत खालच्या व वरच्या टोकांत साधारण ३०० मीटरचा फरक आहे. एवढ्या उंचीने हवेचा दाब तीन-साडेतीन किलोपास्कलने बदलतो, त्यामुळे गाडी पूर्ण निर्दोष असली तरी चढ चढून गेल्यावर बूस्ट सुमारे ०.४ पीएसआयने कमी दिसतो. अमेरिकेतील पाइक्स पीकच्या शर्यतीत हेच टोकाला जाते. सुरुवात २,८६२ मीटरवर आणि शेवट ४,३०२ मीटरवर. १.८ च्याच गुणोत्तराने खाली सव्वाआठ पीएसआय मिळत असतील, तर शिखरावर सातही पुरते उरत नाहीत.

ऋतू आणि हवामान यांचा परिणाम होतो का?

बूस्टच्या आकड्यावर होतो, पण थोडा. मुंबईत जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी दाबात सुमारे एक किलोपास्कलचा फरक असतो. बूस्टमध्ये तो ०.१ पीएसआयच्या आसपास दिसेल, म्हणजे गेजचा काटा हलल्याचे कळणारही नाही. आर्द्रतेची गोष्ट वेगळी आहे. ३० अंश तापमानाला ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवेच्या दाबातील सुमारे ३.४ किलोपास्कल वाटा पाण्याच्या वाफेचा असतो. गेज वाफ आणि ऑक्सिजन यांत भेद करत नाही, त्यामुळे बूस्ट तोच दिसतो आणि ताकद मात्र किंचित कमी मिळते.

डायनोचा सुधारणा गुणक बूस्टलाही लागू असतो का?

नाही. एसएई जे१३४९ सारखी मानके मोजलेली ताकद २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबाला आणून मांडतात, म्हणजे निरनिराळ्या दिवशी घेतलेले रन (डायनोवरील मोजण्या) शेजारी ठेवता येतात. बूस्टची रेघ मात्र त्या दिवशी, त्या खोलीत जशी मोजली तशीच छापलेली असते. एकाच कागदावर वरची रेघ सुधारलेली आणि खालची कच्ची असते, हे लक्षात न घेता ‘एवढ्या बूस्टला एवढी ताकद’ असे प्रमाण काढले, तर ते दुसऱ्या शहरात जुळत नाही.

एक शंका येथे नोंदवणे आवश्यक वाटते. हे गुणक मुळात नैसर्गिक श्वसनाच्या (सुपरचार्जर किंवा टर्बो नसलेल्या) इंजिनांना डोळ्यांपुढे ठेवून घडले आहेत. ज्या इंजिनाचा ईसीयू बायपास उघडून बूस्ट स्वतःच मर्यादेत ठेवतो, त्याच्या ताकदीला उंचीवरच्या डायनोवर पूर्ण गुणक लावला तर निकाल फुगू शकतो. डोंगराळ भागातील डायनोचे विक्रमी आकडे वाचताना हे ध्यानात असावे.

सुपरचार्जरच्या प्रकारानुसार फरक बदलतो का?

खूप बदलतो. रूट्स आणि दुहेरी स्क्रू (दोन रोटर एकमेकांत फिरणारे प्रकार) हे प्रत्येक फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा ढकलतात, त्यामुळे त्यांचा बूस्ट मधल्या आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांपासून) वरपर्यंत बराचसा सपाट राहतो. सेंट्रिफ्युगल (वेगाने फिरणाऱ्या पंख्याने हवा फेकणाऱ्या) सुपरचार्जरचा बूस्ट पंख्याच्या वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डायनोवर ६,५०० आरपीएमपर्यंत रन घेतला आणि १० पीएसआय नोंदले, पण ट्रॅकवर चालक ६,००० ला गिअर बदलतो, तर त्याला साडेआठच दिसतील. सेंट्रिफ्युगल बसवलेल्या गाडीचा ‘बूस्ट हरवला’ ही तक्रार आली, की इतर काहीही उघडण्यापूर्वी त्या क्षणीचे आरपीएम तपासावे.

तापमानालाही हे दोन प्रकार वेगळा प्रतिसाद देतात. आत येणारी हवा ३० वरून ४५ अंशांवर गेली, तर सेंट्रिफ्युगलचा बूस्ट सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. रूट्स आणि स्क्रू यांचे वर्तन अधिक फसवे आहे, म्हणून त्याचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

ट्रॅकवर तीन-चार फेऱ्यांनंतर बूस्ट किंचित वाढलेला दिसतो, पण गाडी मात्र मंदावते. हे कसे शक्य आहे?

हा प्रश्न ज्याला पडला त्याने गेजकडे नीट लक्ष दिले आहे, असे म्हणावे लागेल. हवा दाबली की ती तापते. १.८ चे गुणोत्तर आणि ६५ टक्के कार्यक्षमता धरली, तर ३० अंशांची हवा सुपरचार्जरमधून बाहेर पडताना ११५ अंशांच्या घरात पोहोचते. तिला थंड करण्याचे काम इंटरकूलरचे. हेलकॅटसारख्या गाड्यांत हा इंटरकूलर सुपरचार्जरच्या कवचातच असतो आणि त्यातून वेगळ्या परिपथाचे पाणी फिरते. डायनोवरील एक रन बहुधा दहा-पंधरा सेकंदांचा असतो, त्यामुळे हे पाणी तापायच्या आतच रन संपतो. ट्रॅकवर थ्रॉटल (इंजिनाकडे जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा, ब्रेक, पुन्हा पूर्ण उघडा, असे वीस मिनिटे चालते आणि पाण्याला उष्णता टाकून द्यायला सवड मिळत नाही.

आता इंटरकूलरनंतरची हवा ४५ ऐवजी ७५ अंशांची झाली असे समजा. सुपरचार्जर पूर्वीइतक्याच वस्तुमानाची हवा पाठवत आहे, पण ती मॅनिफोल्डमध्ये अधिक जागा मागते. इंजिन दर फेऱ्याला ठरावीक आकारमानच घेऊ शकते, म्हणून दाब वाढतो. कागदावर निरपेक्ष दाबातील ही वाढ नऊ टक्क्यांपर्यंत जाते. प्रत्यक्षात दाब वाढला की रोटरमधून मागे होणारी गळतीही वाढते, त्यामुळे ती यापेक्षा कमी असते. हवेचे वस्तुमान तेवढेच राहते किंवा थोडे घटते. शिवाय वाढलेल्या दाबाविरुद्ध फिरण्यासाठी सुपरचार्जर क्रँकशाफ्टकडून अधिक ताकद ओढतो, आणि गरम मिश्रणात नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटण्याचा) धोका असल्याने ईसीयू स्पार्क उशिरा देतो. गेज खुशीत आणि गाडी सुस्त, अशी स्थिती येते ती यामुळे.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. चांगला इंटरकूलर बसवल्यावर बूस्ट उतरतो आणि ताकद वाढते. नवा इंटरकूलर ‘बूस्ट खातो’ म्हणून तो काढून टाकायला निघालेले लोक असतात, तेव्हा त्यांना आधी मॅनिफोल्डमधील तापमानाचा लॉग (नोंद) दाखवावा.

कंपन्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. शेव्हरोले कॉर्व्हेट झी०६ च्या २०१५ पासूनच्या पिढीत ट्रॅकवर तापण्याच्या तक्रारी झाल्या आणि २०१७ च्या मॉडेलमध्ये बॉनेटवरील हवेच्या खिडक्या मोठ्या करण्यात आल्या. २०१८ च्या डॉज डीमनमध्ये तर इंटरकूलरचे पाणी थंड करण्यासाठी वातानुकूलन यंत्रणेतील शीतकाचा उपयोग केला होता. अर्थात ती सोय सरळ पट्ट्यावरील काही सेकंदांच्या धावेसाठी होती, लांब शर्यतीसाठी नव्हे.

मग डायनोवर बूस्ट कमी का दिसतो? तेथे तर सगळे नियंत्रित असते.

नियंत्रित असते, पण नैसर्गिक नसते. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या तोंडावर वाऱ्याचा सुमारे १.८ किलोपास्कल दाब येतो. हवा घेण्याचे तोंड समोर असेल आणि हा दाब बराचसा आत पोहोचत असेल, तर १.८ च्या गुणाकाराने मॅनिफोल्डमध्ये तो तीन किलोपास्कलच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ अर्धा पीएसआय. डायनोसमोरचा पंखा कितीही गोंगाट करत असला तरी असा वारा देत नाही. प्रत्यक्षात वळणदार पाइप आणि फिल्टर यांत बरेच काही हरवते, म्हणून पूर्ण अर्धा पीएसआय क्वचितच मिळतो.

हाच गुणाकार तोट्यालाही लागतो. फिल्टर धुळीने भरून सुपरचार्जरच्या तोंडाशी तीन किलोपास्कलची घट झाली, तर मॅनिफोल्डमध्ये ती साडेपाच होते, म्हणजे पाऊण पीएसआयच्या वर. डायनोवर बॉनेट उघडे ठेवण्याची पद्धत असल्याने फिल्टरला कधी थंड हवा मिळते, तर कधी रेडिएटरची गरम हवा थेट त्याच्यावर येते. खोलीतील हवा बाहेर काढण्याची सोय अपुरी असेल, तर तिसऱ्या रनपर्यंत खोलीच तापलेली असते. तेव्हा आत येणारी हवा गरम, पण इंटरकूलरमधले पाणी अजून बऱ्यापैकी थंड, असा प्रकार होतो आणि रूट्स किंवा स्क्रूचा बूस्टही काही टक्क्यांनी खाली येतो.

पट्टा सटकतो आहे हे कसे ओळखावे?

बूस्टच्या रेघेचा आकार पाहावा. रूट्स किंवा स्क्रू असलेल्या गाडीत ५,५०० आरपीएमला ७८ किलोपास्कल, ५,८०० ला ७७ आणि ६,२०० ला ७० असा उतार दिसला, थ्रॉटल पूर्ण उघडा होता आणि बायपास बंद होता, तर संशय पट्ट्यावर जातो. मात्र भरलेल्या फिल्टरमुळेही वरच्या आरपीएमला अशीच घसरण होते. दोघांत फरक करण्यासाठी सुपरचार्जरच्या आधी एक दाब सेन्सर लावावा. फिल्टर दोषी असेल तर तेथला दाब आरपीएमबरोबर खाली जातो. पट्टा दोषी असेल तर तो तसा जात नाही, उलट हवा कमी ओढली जात असल्याने थोडा सावरतो.

इंजिन बंद करून थंड झाल्यावर हातानेही बरेच कळते. सटकलेल्या पट्ट्याच्या खाचांच्या कडा काचेसारख्या चकचकीत होतात, सुपरचार्जरच्या पुलीच्या मागे आणि टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाच्या) कवचावर काळी, बारीक, बोटाला चिकटणारी भुकटी साचते, आणि खाचेत नख घातले तर रबर लवचीक न लागता कडक लागते. पुलीच्या कडेला ऑइल किंवा कूलंटचा ओघळ आहे का तेही पाहावे. नवा पट्टा घालून ओघळ तसाच ठेवला, तर पुढच्या ट्रॅक दिवसाला तोच खेळ पुन्हा होतो.

डायनोवर न सटकणारा पट्टा ट्रॅकवर का सटकतो, हेही विचारले जाते. डायनोवर एकाच गिअरमध्ये आरपीएम शांतपणे चढतात. ट्रॅकवर गिअर बदलताना ते क्षणात दोन हजारांनी पडतात, ब्रेकिंगला पुन्हा उसळतात, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे जड रोटर हा बदल सहजासहजी स्वीकारत नाहीत. हेलकॅटच्या पुलीत यासाठी एकाच दिशेने पकडणारा क्लच दिलेला आहे. ज्या गाडीत तो नाही, तेथे सगळा हिसका पट्टा आणि टेन्शनर यांनाच सोसावा लागतो, तोही बॉनेटखालच्या भट्टीत.

ईसीयू स्वतःहून बूस्ट कमी करतो का?

आधुनिक गाड्यांत करतो, आणि तो दोष नव्हे. हवेचे तापमान वाढणे, नॉकिंग, गिअरबॉक्सची टॉर्क मर्यादा, चाके घसरणे यांपैकी काहीही जाणवले की तो बायपास थोडा उघडतो किंवा थ्रॉटल मिटतो. हेलकॅटसारख्या गाड्यांत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असल्याने तो थोडा मिटला तरी बूस्ट पडतो, आणि पाय पूर्ण दाबलेला असल्यामुळे चालकाला ते कळत नाही. म्हणून पेडलची नव्हे, तर थ्रॉटलच्या पात्याची स्थिती नोंदवावी.

दोन चाकांच्या डायनोवर आणखी एक घोळ होतो. मागची चाके ताशी १५० ने फिरतात आणि पुढची स्थिर असतात, तेव्हा चाके घसरत असल्याचा अर्थ काढून ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापते. गाडीत डायनोसाठीची वेगळी पद्धत असेल तर ती आधी सुरू करावी. तिच्याशिवाय घेतलेल्या रनचा बूस्ट ट्रॅकशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

डायनोचा प्रकार आणि गिअर यांनी बूस्ट बदलतो का?

टर्बोइतका नाही. टर्बो एक्झॉस्टच्या उष्णतेवर आणि प्रवाहावर फिरतो, त्यामुळे डायनोने किती भार दिला आणि रन किती लांबवला यावर त्याचा बूस्ट बराच अवलंबून असतो. सुपरचार्जर क्रँकशाफ्टला बांधलेला आहे; ठरावीक आरपीएमला पूर्ण थ्रॉटल असताना तो दुसऱ्या गिअरमध्ये आणि चौथ्या गिअरमध्ये जवळपास तेवढाच बूस्ट देतो. फरक येतो तो वेळेचा. जड ड्रमच्या जडत्वावर चालणारा डायनो काही सेकंदांत मोकळा होतो, तर एडी करंटचा (चुंबकीय ब्रेक असलेला) डायनो गाडी एका आरपीएमवर भाराखाली धरून ठेवू शकतो. ट्रॅकवरची उष्णता थोडीफार उभी करायची असेल, तर दुसरा प्रकार अधिक उपयोगी ठरतो.

सेन्सर आणि नळी यांचा दोष किती असू शकतो?

तीन बार क्षमतेच्या सेन्सरची अचूकता पूर्ण मापाच्या एक टक्का असेल, तर तीन किलोपास्कल म्हणजे ०.४ पीएसआय एवढी चूक नियमात बसते. दोन वेगळे सेन्सर विरुद्ध दिशांना चुकले, तर पाऊण पीएसआयहून जास्त फरक नुसत्या उपकरणांतून निघतो. दाब कोठून घेतला हेही महत्त्वाचे आहे. इंटरकूलरच्या आधी घेतलेला दाब नंतरच्या दाबापेक्षा नेहमीच जास्त असतो. डायनोवाल्याने एका जागी आणि तुम्ही दुसऱ्या जागी नळी जोडली असेल, तर तुलना तेथेच संपते. काट्याच्या गेजला डॅशबोर्डपर्यंत गेलेली लांब, अरुंद नळी छोटी शिखरे दाखवतच नाही. वळणातून बाहेर पडताना चालकाने काट्यावर एक नजर टाकून सांगितलेला आकडा पुरावा म्हणून घेऊ नये.

एक्झॉस्ट आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलल्यावर बूस्ट कमी झाला. काम बिघडले का?

बहुधा काम चांगले झाले. इंजिन हवा अधिक सहज घेऊ लागले, म्हणून अडणारी हवा कमी झाली. ताकद वाढली असेल, तर बूस्टची चिंता सोडावी.

तुलना करायचीच असेल तर ती कशी करावी?

सर्वप्रथम, इंजिन सुरू करण्यापूर्वी फक्त किल्ली चालू करून मॅप सेन्सरचा आकडा नोंदवावा. त्या क्षणी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब असतो, त्यामुळे त्या ठिकाणचा वातावरणाचा दाबही मिळतो आणि सेन्सर भलतेच काही दाखवत असेल तर तेही उघड होते. पुण्यात किल्ली लावल्यावर १०२ दिसले, तर पुढचे सगळे आकडे त्या चुकीसह वाचावे लागतील.

त्यानंतर डायनो आणि ट्रॅक या दोन्ही ठिकाणी एकाच सेन्सरवरून निरपेक्ष दाब, आरपीएम, थ्रॉटलचे पाते, बायपासची स्थिती, सुपरचार्जरच्या आधीचे आणि इंटरकूलरनंतरचे तापमान, आणि स्पार्कची वेळ एकत्र लॉग करावी. शिखरावरचे आकडे एकमेकांशी जुळवू नयेत. ४,०००, ५,००० आणि ६,००० अशा ठरावीक आरपीएमला, थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाच्याच ओळी निवडाव्यात. मग मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब वातावरणाच्या दाबाने भागावा. हे गुणोत्तर दोन्हीकडे एक-दोन टक्क्यांच्या आत जुळले, तर सुपरचार्जर, पट्टा आणि पुली व्यवस्थित आहेत, मग गेज एका शहरात ११ आणि दुसऱ्यात पावणेबारा दाखवो. गुणोत्तर जुळले नाही, तर आधी दोन तापमाने पाहावीत, मग थ्रॉटल व बायपास, त्यानंतर फिल्टर आणि पट्टा. हा क्रम माझ्या पसंतीचा आहे, कारण पहिल्या दोन गोष्टी लॉगमध्येच दिसतात आणि त्यांसाठी पाना हातात घ्यावा लागत नाही.

ट्रॅकची नोंद बंद ट्रॅकवरच घ्यावी. एक्स्प्रेस वेवर रात्री घेतलेले लॉग पुष्कळ जण पाठवतात. ते धोक्याचे तर आहेतच, पण मध्येच येणारा ट्रक आणि अर्धवट सोडलेला थ्रॉटल यांमुळे तांत्रिकदृष्ट्याही फारसे कामाचे नसतात. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, हेही सुपरचार्जर नव्याने बसवू पाहणाऱ्यांनी आधी पाहून घ्यावे.

ट्रॅकवर कमी पडणारा बूस्ट लहान पुली लावून भरून काढावा का?

कमी पडण्याचे कारण सापडण्यापूर्वी तर मुळीच नाही. पट्टा सटकत असेल, तर लहान पुलीवर त्याची पकड आणखी घटते आणि ओढ वाढते. उष्णतेमुळे ईसीयू बूस्ट कापत असेल, तर जादा वेगाने फिरणारा सुपरचार्जर हवा आणखी तापवतो आणि ईसीयू आणखी कापतो. उंचीमुळे कमी दिसत असेल, तर महाबळेश्वरच्या दाबाला बेतलेली पुली किनाऱ्यावरच्या ट्रॅकवर जादा ठरते आणि तेथे इंधनाचा ऑक्टेन अपुरा पडू शकतो.

शिवाय रोटरच्या वेगालाही मर्यादा असते. हेलकॅटचा सुपरचार्जर मूळ पुलीवरच १४,६०० आरपीएमपर्यंत जातो. पाच टक्के लहान पुली लावली, तर त्याच इंजिन वेगाला तो १५,३०० च्या वर फिरेल. बेअरिंग आणि रोटरवरील लेप यांना तो वेग मान्य आहे का, हे सुपरचार्जर बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहावे, आणि मगच पुलीची ऑर्डर द्यावी.